माझदा आरएक्स-७ एफडी: आधी कूलंट, मग बूस्ट

या गाडीचं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) जास्त तापणं सहन करत नाही, म्हणून सुरुवात कूलंटपासून. कूलंटमधली हवा वेगळी करणारी मूळ टाकी प्लास्टिकची. जुनी झाली की ती ठिसूळ होऊन सांध्यावर तडकते. वाट न बघता ॲल्युमिनियमची बसवा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बराच वेळ मधोमधच राहतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा गेज हवाच.

दोन टर्बो टप्प्याने चालतात. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतात त्या हवेचा दाब, असा दिसतो: आधी सुमारे १० पीएसआय, ४,५०० आरपीएमला क्षणभर ८, दुसरा जोडला की पुन्हा १०. त्यापुढे जोर आलाच नाही, तर टर्बो उतरवण्याआधी इनटेकखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाखालच्या), टर्बोंचं नियंत्रण करणाऱ्या व्हॅक्यूम नळ्या बघा. त्या कडक होऊन टोकाशी चिरतात. एक काढली की लगेच तिथे सिलिकॉनची लावा. सगळ्या एकदम काढल्यात तर जोडणी चुकणारच. या नळ्यांमधला प्रत्येक वन-वे व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) फुंकून पाहा, दोन्हीकडून हवा गेली तर तो बाद.

विकत घेताना गरम इंजिनवर रोटरी टेस्टरनेच कॉम्प्रेशन (इंजिनात हवा दाबली जाते तेव्हाचा दाब) मोजा. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंपैकी प्रत्येकीचा आकडा स्वतंत्रपणे मिळायला हवा. साधा गेज सर्वांत मोठाच आकडा धरून ठेवतो, आणि तुटलेलं ॲपेक्स सील (रोटरच्या टोकावरची हवाबंद पट्टी) त्याआड लपतं.