मोडी वाचनाच्या आवडीतून उपजीविका उभी करताना

पुण्यात मोडीची, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या जलद लिपीची, गोडी लागलेली माणसे पुष्कळ भेटतात. कुणाला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांची खरेदीखते सापडलेली असतात, तर कुणी निव्वळ कुतूहलापोटी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गाला जाऊन बसलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत हात बसला, की त्यांतले बरेचजण मला एकच प्रश्न विचारतात: नोकरी सोडून हेच काम पोटापाण्यासाठी करता येईल का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण आपण आवडीने वाचतो ते कागद आणि लोक पैसे देऊन वाचून घेतात ते कागद बहुतेक वेळा वेगळे असतात, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

आवड लागते ती पेशवेकालीन पत्रांमुळे. बोरूने लिहिलेले ते वळणदार अक्षर, आधी शिरोरेषा आखून तिला अक्षरे लटकवत जाण्याची ती रीत आणि त्या ओळींमधला इतिहास यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु दारात येणारे काम बहुधा आंग्लकालीन, म्हणजे इंग्रज राजवटीतले, असते. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूच्या नोंदी असे हे कागद असतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकाने, म्हणजे निबाच्या लेखणीने, घाईघाईने ओढलेले त्यांतले अक्षर शिवकालीन वळणापेक्षाही कधी कधी अधिक छळते. शाळांतून मोडी १९५० च्या दशकापर्यंत शिकवली जात होती, त्यामुळे त्याआधीचे जमिनीचे आणि वारसाहक्काचे असंख्य कागद आज घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी किती वाढली ते सर्वांनी पाहिले. मात्र अशी लाट ओसरतेही, म्हणून तिच्या भरवशावर घर चालवायचे ठरवू नये. कायमचे काम वकील, वारसदार, देवस्थानांचे विश्वस्त, कुलवृत्तांत तयार करणारी कुटुंबे आणि संशोधक यांच्याकडून येते.

शिक्षणाचा पहिला टप्पा मुळाक्षरांचा असतो आणि तो काही आठवड्यांत संपतो. खरी तयारी त्यानंतर सुरू होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात, आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. त्यामुळे अक्षर ओळखता आले तरी शब्द कुठे तोडायचा हे त्या काळची भाषा ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, जमिनीच्या मापात वीस पांडांचा एक बिघा, सोळा आण्यांच्या हिशेबात चार आणे हिस्सा म्हणजे चौथा वाटा, हे सगळे अंगवळणी पडायला हवे. माझ्या मते दिवसाला एक पान, आणि तेही वेगवेगळ्या हातांचे, असे वर्षभर वाचल्याखेरीज कुणाकडूनही पैसे घेऊ नयेत. सरावासाठी घरचे कागद पुरत नाहीत. पुणे पुराभिलेखागारातल्या, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरातल्या, रुमालांपर्यंत (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपर्यंत) रीतसर अर्ज करून जाता येते. शिवाय त्या दफ्तरातून निवडून इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पंचेचाळीस खंड देवनागरीत छापलेले असल्याने त्या काळची वाक्यरचना कानात बसवायला फार उपयोगी पडतात.

कालगणनेसाठी मात्र वेगळा वेळ द्यावा, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते आणि ती मीही केली आहे. एका देवस्थानच्या कागदांत माधवराव पेशव्यांच्या नावाची एक सनद होती आणि तिच्यावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवरचे अरबी अंकशब्दांत लिहिलेले साल, होते. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे साल झाले ११७३. त्यात मी सरसकट ६०० मिळवले आणि श्रावणातल्या त्या सनदेपुढे इसवी सन १७७३ लिहून मोकळा झालो. आठवड्याने एका वृद्ध विश्वस्तांचा फोन आला. ते अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, माधवराव तर आदल्या वर्षीच थेऊरला गेले होते ना?” ते बरोबर होते, कारण माधवरावांचा मृत्यू १८ नोव्हेंबर १७७२ चा. सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलते, त्यामुळे तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे असतात आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. ती सनद ऑगस्ट १७७२ ची होती. मी सगळी अकरा पाने पुन्हा ताडून, नव्याने टंकून, काही न घेता परत दिली. तेव्हापासून प्रत्येक लिप्यंतरात (मोडीचा मजकूर देवनागरीत उतरवताना) कागदावरची मूळ मिती, म्हणजे तारीख, जशीच्या तशी लिहितो, तिच्याखाली रूपांतर आणि ते कसे केले याची एक ओळ देतो, आणि नवशिक्यांनाही पहिल्या दिवसापासून हेच करायला सांगतो.

आता पैशाचा हिशेब. बहुतेकजण दर ठरवताना फक्त वाचनाचा वेळ धरतात, पण एका पानामागे वाचन, टंकलेखन, दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने ताडणे आणि पक्षकाराशी बोलणे एवढी कामे असतात. समजा एका पानाला ४०० रुपये घेतले आणि या सगळ्याला दोन तास लागले, तर सहा तासांच्या दिवसात तीन पाने होतात आणि १,२०० रुपये मिळतात. महिन्यात वीस दिवस काम मिळाले तर २४,००० रुपये होतील. परंतु पहिल्या वर्षी वीस दिवस काम मिळत नाही, दहा दिवस मिळाले तरी पुष्कळ झाले, आणि मग हाती १२,००० रुपये येतात. पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्यालाही ही रक्कम पुरी पडेल अशी खात्री नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापले तास महिनाभर वहीत टिपून प्रत्येकाने स्वतःचे आकडे मांडावेत आणि दर त्यावरून ठरवावा, ओळखीच्या माणसाने सुचवला म्हणून नव्हे.

यासाठीच सुरुवातीला नोकरी सोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. शनिवार-रविवार आणि सकाळचे दोन तास एवढ्या वेळात एक वर्ष काम करावे. त्या वर्षातल्या मिळकतीची सरासरी घरखर्चाच्या निम्म्यावर गेली असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला असेल, तर मगच घरच्यांसमोर विषय काढावा. त्यातही केवळ पानागणिक मिळणाऱ्या पैशांवर विसंबू नये. मला स्थैर्य आले ते देवस्थानांच्या आणि जुन्या घराण्यांच्या दफ्तरांची सूची करून देण्याच्या कामामुळे. ते काम महिनोन्‌महिने चालते, त्याचा मोबदला आधी ठरवता येतो आणि त्यात नवे हात वाचायला मिळून आपली नजरही तयार होत जाते. जोडीला मोडीचा एखादा छोटा वर्ग घेता आला तर उत्तमच, मात्र शिकवण्यासाठी वेगळी तयारी लागते.

कायदेशीर बाजू फारशी अवघड नाही. पॅन, धंद्यापुरते वेगळे बँक खाते आणि क्रमांक घातलेली पावती एवढ्यावर सुरुवात होते. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, आणि सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. आगाऊ रक्कम मात्र जरूर घ्यावी, निदान निम्मी, कारण लिप्यंतर हाती आल्यावर त्यात अपेक्षित नाव नाही असे दिसले की पैसे देण्याची इच्छा पुष्कळांची मावळते.

यातून सर्वांत नाजूक मुद्दा निघतो. वारसाच्या किंवा जातीच्या नोंदीचा कागद घेऊन येणारा माणूस आशेने आलेला असतो आणि ‘इथे अमुकच लिहिलेले असणार’ असे तो कागद उघडण्यापूर्वीच सांगतो. त्याच्या सांगण्याने आपली नजर वळू देऊ नये. फाटलेल्या जागी तीन टिंबे आणि ‘कागद फाटला आहे’ अशी टीप लिहावी, संशयित शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालावे, आणि अंदाजाने भरलेले एकही अक्षर मजकुरात मिसळू देऊ नये, कारण तो कागद उद्या न्यायालयात जाणार असतो आणि त्याखाली आपली सही असते. निकाल त्याच्या बाजूने लागेल असे कधीही सुचवू नये. जे वाचता आले नाही त्याचे पैसे घेऊ नयेत, असा माझा नियम आहे.

मूळ कागद शक्यतो घरी ठेवून घेऊ नये. पक्षकारासमोरच त्याचे स्कॅन करावे, पाने मोजून पावतीवर लिहावीत आणि कागद लगेच परत द्यावा. देताना त्याला दोन गोष्टी सांगाव्यात: चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन करू नका. दोन्हींमुळे होणारे नुकसान पुढे भरून काढणे फार कठीण जाते. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलेला कागद त्याच्या नातवंडांनाही वाचता येईल.