कुलूप नंतर, आधी पत्रा: भाड्याच्या गाळ्यांची सुरक्षा कशी वाढवायची

जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा एमआयडीसीतल्या बंद कारखान्यात पार्टिशन घालून ८ बाय १० फुटांचे गाळे पाडले आणि महिन्याच्या भाड्यानं सामान ठेवायला दिले, की सुरक्षेचं गणित साध्या गोदामापेक्षा वेगळं होतं. गोदामात माल एकाच मालकाचा असतो आणि किल्ली दोघातिघांकडे. इथं चाळीस गाळ्यांचे चाळीस भाडेकरू गेटमधून हक्कानं आत येतात. बदली झालेलं कुटुंब, मंडपवाला, केटरर, औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवाळीचा माल आधीच भरून ठेवणारा सांगलीच्या गणपती पेठेतला दुकानदार, सगळेच. त्यातला एखादा शेजारच्या गाळ्यावर डोळा ठेवूनच आलेला असू शकतो. म्हणून कंपाऊंडबाहेरच्या चोराइतकाच आतला माणूस धरून आखणी करावी लागते.

पैसा कुठं घालायचा हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: गाळा फोडून माल गाडीत चढवायला किती मिनिटं लागतील, आणि तेवढ्यात तिथं कोण पोचेल? रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यापासून तुमच्या गेटपर्यंत गाडी चालवून वेळ मोजा. त्यात फोन होऊन माणसं निघेपर्यंतची पाच मिनिटं मिळवा. समजा बेरीज १५ आली, तर पहिला आवाज झाल्यापासून चोराला किमान २० मिनिटं लागली पाहिजेत. कॅमेऱ्यानं ही मिनिटं वाढत नाहीत, लोखंडानं वाढतात. तेव्हा पहिला पैसा फॅब्रिकेटरला, दुसरा अलार्मला आणि उरेल तो कॅमेऱ्याला. कॅमेरे विकणारा हा क्रम उलटा सांगेल, ते चालायचंच.

पत्रा आणि पार्टिशन

पार्टिशन बहुतेक ठिकाणी ८-१० फुटांवर थांबतं आणि पत्रा असतो १६-१८ फुटांवर. मधली जागा मोकळी. स्वतःच्या गाळ्यात शिडी आणून ठेवणारा भाडेकरू एकाही कुलपाला हात न लावता ओळीतले सगळे गाळे धुंडाळू शकतो. प्रत्येक गाळ्यावर जाळीचं छत घालणं हा यावरचा उपाय. २ बाय २ इंच घराची, ३ ते ४ मिमी तारेची वेल्डमेश घ्या, ती ४० बाय ४० बाय ५ मिमी अँगलच्या फ्रेमला वेल्ड करा आणि फ्रेम दर दोन फुटांवर १० मिमी अँकर फास्टनरनं भिंतीत बसवा. कोंबड्यांची जाळी किंवा प्लायवूड लावणं म्हणजे पैसे वाया. वरून पत्र्यानं बंदही करू नका. हवा कोंडते, पावसाळ्यात फर्निचरला बुरशी येते आणि धूर झाला तर बाहेर कळत नाही.

पार्टिशन पत्र्याचं असेल तर स्क्रूचं डोकं कोणाच्या गाळ्यात आहे ते बघा. ज्याच्या बाजूला डोकं, त्याला एक पाना पुरतो. तिथं स्क्रू काढून रिव्हेट मारा, किंवा फ्रेमला जागोजागी वेल्डिंगचे टाके द्या. ४ इंची विटांची भिंतही फुटते, पण दणके ऐकू येतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आता वरचा पत्रा. पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकचा नट आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रू दोन्ही वरूनच उघडतात. सगळं छप्पर बदलायची गरज नाही. कंपाऊंडच्या भिंतीवरून, शेजारच्या छपरावरून, झाडावरून किंवा भिंतीला टेकवून ठेवलेल्या ट्रॉलीवरून जिथं पाय ठेवता येतो, त्या बाजूच्या दोन-तीन ओळींखाली पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्याला) जाळी वेल्ड करा. उजेडासाठी घातलेला फायबरचा पारदर्शक पत्रा साध्या करवतीनं कापता येतो. त्याच्याखाली १२ मिमी सळीची, ६ इंच अंतराची जाळी हवीच. गोल फिरणाऱ्या व्हेंटिलेटरचं भोक २४ इंचांचं असेल तर सडपातळ माणूस त्यातून आरामात उतरतो. तिथंही तशाच सळ्या. हे काम मे महिन्याआधी उरका आणि हललेल्या प्रत्येक स्क्रूचा रबरी वॉशर बदला, नाहीतर पहिल्याच पावसात भाडेकरूचं सामान भिजेल.

शटर, कोयंडा, कुलूप

'शटर उचकटून चोरी' ही बातमी वाचली की बहुतेकांना कुलूप तुटलं असं वाटतं. दोन्ही बाजूंची कुलपं कित्येकदा शाबूत असतात. पहार मधोमध घालून शटर उचललं जातं, पट्ट्या वाकतात, दोन्ही कडांच्या गाईड चॅनेलमधून (खाचेतून) सुटतात आणि खाली माणूस सरपटण्याइतकी फट होते. पट्टीचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ: २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी. नवीन शटर १८ गेजचंच सांगा. जुनं असेल तर खालच्या कडेला पूर्ण रुंदीभर ४० बाय ४० बाय ५ चा अँगल मारा आणि मध्यभागी सेंटर लॉक बसवा. त्याची कडी जमिनीत ६ इंच खोल काँक्रीटमध्ये गाडलेली हवी. फरशीवर दोन स्क्रूनं बसवलेली कडी पहिल्याच हिसक्यात निघते. शटर ८ फुटांपेक्षा रुंद असेल तर दोन सेंटर लॉक.

लहान गाळ्याला शटरपेक्षा १६ गेज पत्र्याचं एकपाखी दार बरं. बिजागरी बाहेरून असेल तर पिन ठोकून काढता येते आणि कुलूप लागलेलं दार तसंच्या तसं बाजूला होतं. बिजागरीच्या कडेला दारात १२ मिमी सळीचे दोन तुकडे वेल्ड करा, चौकटीत त्यांच्यासमोर भोकं पाडा. दार बंद झालं की तुकडे भोकात जातात आणि पिन काढूनही काही हलत नाही.

कोयंडा ५-६ मिमी पट्टीचा, चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड केलेला. वेल्डरनं नुसते टाके दिले तर हातोड्याच्या दोन घावांत गळून पडतो, त्यामुळे वेल्डिंग बघितल्याशिवाय रंग लावू देऊ नका. कडी १२ मिमी सळीची, दारातून आरपार नेऊन मागून वेल्ड केलेली.

साध्या कुलपाचा ८ मिमी दांडा लांब हातांच्या बोल्ट कटरनं काही सेकंदांत, तेही आवाज न करता कापला जातो. खरा धोका हा बिनआवाजी प्रकार. दांडा कडक पोलादाचा, १० ते १२ मिमी घ्या, नाहीतर दांडा जवळजवळ दिसतच नाही असं ७० मिमीचं गोल डिस्क कुलूप. शिवाय कुलपाभोवती जाड पाईपचा तुकडा वेल्ड करून फक्त किल्लीची बाजू उघडी ठेवा, म्हणजे कटरच्या चोचीला जागा उरत नाही. बॅटरीच्या ग्राइंडरपुढं कुठलंच कुलूप फार टिकत नाही हे खरं. पण ग्राइंडर किंचाळतो, ठिणग्या उडवतो, दार थरथरवतो. चोराला तिथवर ढकलायचं, पुढचं काम अलार्मचं. कुलपात तेल घालू नका, धूळ बसून घट्ट होतं. ग्रॅफाइटची पूड घाला.

कुलूप भाडेकरूचं स्वतःचं, पण तुम्ही ठरवलेल्या दर्जाचं. दुसरी किल्ली ऑफिसात ठेवून घेऊ नका. चोरी झाली की पहिला संशय त्या किल्लीवर जातो. रिकाम्या गाळ्यांना तुमचं वेगळ्या रंगाचं कुलूप हवंच. उघडा रिकामा गाळा म्हणजे संध्याकाळी लपून रात्री कामाला लागण्याची सोय.

गेट आणि रजिस्टर

गेटला चुंबकी लॉक बसवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: वीज गेली की ते सुटतं. भारनियमनाच्या वेळी गेट सताड उघडं. वीज गेल्यावर बंदच राहणारं मोटर बोल्ट किंवा स्ट्राइक (विजेवर सुटणारी चौकटीतली खाच) घ्या, आतून मात्र हँडलनं कधीही उघडणारं. आत माणूस अडकता कामा नये. बोटाच्या ठशावर फार भिस्त नको. हमालांची, बांधकामावरच्या माणसांची बोटं घासलेली असतात आणि यंत्र नाकारत राहतं. कार्ड द्यायचं तर १२५ किलोहर्ट्झचं स्वस्त कार्ड नको, त्याची नक्कल सहज होते, १३.५६ मेगाहर्ट्झचं एन्क्रिप्टेड मागा. प्रत्येकाला वेगळं कार्ड किंवा कोड. सगळ्यांना एकच कोड असला तर नोंद असून नसल्यासारखी.

भाडेकरू घेताना मास्क्ड आधार (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं), तिथल्या तिथं काढलेला फोटो, फोन लावून खात्री आणि पहिलं भाडं बँकेतून. तीन महिन्यांचं भाडं रोख पुढं करून अमुकच गाळा हवा म्हणणारा, किंवा गाळ्यात काहीच न ठेवता वारंवार चक्कर मारणारा, यांच्याकडे लक्ष असू द्या. गंधक, डिपिंग ऑइल (बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं तेल), सिलिंडर, फटाके नाहीत हे करारात लिहून घ्या. बेदाण्याच्या हंगामात पहिल्या दोन्ही वस्तू हटकून येतात.

रोज बंद करताना आत गेलेले आणि बाहेर पडलेले यांचा आकडा जुळवायचा, मग वॉचमननं प्रत्येक कुलपाला हात लावून फेरी मारायची. लांबून बॅटरी मारून चालत नाही. एक जुनी युक्ती आहे: चोर कुलूप कापतो, माल नेतो आणि तसंच दिसणारं दुसरं कुलूप लावतो. भाडेकरू दोन महिन्यांनी येतो तेव्हा कुठली रात्र होती हेही सांगता येत नाही. तोवर रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. म्हणून फार वर्दळ नसलेल्या गाळ्यांच्या कोयंड्याला नंबर असलेलं प्लॅस्टिक सील लावा, नंबर रजिस्टरात लिहा आणि आठवड्याला पडताळा.

वॉचमन एजन्सीचा असेल तर एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का ते बघा. सातारा-सांगली पट्ट्यात माजी सैनिक मिळू शकतात, तिथं थोडे पैसे जास्त गेले तरी घासाघीस करू नये.

अलार्म

प्रत्येक दाराला वायरचा मॅग्नेटिक सेन्सर आणि कोयंड्याजवळ कंपन ओळखणारा सेन्सर. नुसता मॅग्नेटिक असेल तर दार उघडल्यावर कळतं. कंपनाचा असेल तर ग्राइंडर टेकताच कळतं, आणि मिनिटांच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. मार्गिकेत अंगाची उष्णता टिपणारे साधे पीआयआर सेन्सर लावलेत तर एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडून फसाल. पत्र्याखालची हवा माणसाच्या अंगाइतकी तापली की माणूस दिसेनासा होतो, आणि कबुतर जवळून उडालं की भोंगा वाजतो. पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) दोन्ही असलेला सेन्सर घ्या. मायक्रोवेव्ह पातळ पार्टिशनच्या पलीकडेही बघतो, त्याचा पल्ला कमी करून मगच पक्का करा. आठवड्यात तीनदा खोटा भोंगा झाला की चौथ्या वेळी कोणी उठत नाही.

कॅमेरा

चेहरा ओळखू येण्यासाठी चित्रात एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २.८ मिमी लेन्सवर जेमतेम ४ मीटरपर्यंत हे देतो, ६ मिमी लेन्सवर १० मीटरच्या आसपास. दुकानात ढिगानं मिळतो तो २.८ मिमीचा, त्यात सगळं दिसतं आणि कोणीच ओळखू येत नाही. गेटवर ६ मिमी, डोक्याच्या थोडा वर. १५ फुटांवरून टोपीच दिसते. लांब मार्गिकेसाठी कॅमेरा आडवा फिरवून उभं चित्र देणारा कॉरिडॉर मोड चालू करा. गाडीच्या नंबरसाठी वेगळा, खाली लावलेला कॅमेरा. रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (अवरक्त) उजेडाला किडे येतात, त्यामागं कोळी. जाळं चमकून चित्र पांढरं होतं. पंधरवड्याला काच पुसा.

साठवणीचा हिशेब: एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत २ एमबीपीएसनं एक कॅमेरा दिवसाला सुमारे २२ जीबी खातो. ८ कॅमेरे, ३० दिवस म्हणजे ५.२ टीबी, तेव्हा ६ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क. रेकॉर्डर काउंटरखाली ठेवू नका, जाताना चोर तोच उचलतो. भिंतीत बोल्ट केलेल्या लोखंडी पेटीत, वेगळ्या खोलीत ठेवा. एवढ्या यंत्रणेला साधारण ८० वॅट लागतात. १५० एएचची चांगली बॅटरी रात्र काढते. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं करा.

पूर

सांगलीत हे वेगळं लिहावंच लागतं. २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५ च्या पुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत) पाणी शिरलं. नदीकाठच्या भागातल्या गाळ्यांना पुराच्या दिवसांत दोन धोके असतात: वीज नाही, म्हणून यंत्रणा बंद, आणि घाईत दारं उघडी टाकून माणसं निघून गेलेली. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की रेकॉर्डर आणि बॅटरी वर हलवा, रेकॉर्डिंगची प्रत बाहेर काढा, भाडेकरूंना फोन करा आणि माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो व सही घ्या. उंचावर सोलर पॅनेल आणि सिमकार्डवर चालणारा एक कॅमेरा असेल तर पाणी उतरेपर्यंत तेवढाच डोळा उघडा राहतो.

चोरी झालीच तर

कशालाही हात न लावता ११२ वर कळवा. माल साठवायच्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत गाळा साठवणुकीचा होता हे स्पष्ट लिहा. फुटेज पेनड्राइव्हवर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा) नोंदवायची असते. ती काढणारा माणूस आधीच बघून ठेवा. तुमच्या विम्यात भाडेकरूचा माल आपोआप येत नाही, तो त्यानं वेगळा उतरवायचा, आणि घरफोडीच्या विम्याला जबरदस्तीनं आत शिरल्याच्या खुणा लागतात. नवं कुलूप लावायच्या घाईत कापलेलं कुलूप आणि वाकलेला कोयंडा भंगारात जाऊ देऊ नका. पंचनाम्यात त्यांची नोंद आणि फोटो आल्याखेरीज वेल्डरला बोलावू नका.