अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली बचावफळी आकड्यांवरून कशी जोखावी

१० जानेवारी २०२२ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला ३३-१८ असं हरवलं. मग अलाबामाच्या बचावफळीने ३३ गुण दिले असं म्हणायचं का? नाही. शेवटच्या मिनिटात जॉर्जियाच्या केली रिंगोने अलाबामाचा पास मध्येच झेलला आणि ७९ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेला. त्या ७ गुणांच्या वेळी अलाबामाची बचावफळी बाकावर होती. क्रिकेटमध्ये बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत. इथे मात्र सगळे गुण एकाच रकान्यात पडतात.

त्यामुळे आधी गुणांची वाटणी करा. सामन्याच्या बॉक्स स्कोअरसोबत (आकड्यांचा तक्ता) ड्राइव्ह चार्ट (ड्राइव्ह म्हणजे चेंडू हाती असलेल्या संघाची एक सलग चढाई) आणि प्ले-बाय-प्ले (प्रत्येक प्लेची, म्हणजे चालीची नोंद) मिळतं, ते उघडा. इंटरसेप्शन (समोरच्याचा मध्येच झेललेला पास), फम्बल (हातून सुटलेला चेंडू), पंट (चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक) किंवा किकऑफ (सुरुवातीची किक) परतवून झालेले टचडाउन वजा करा. ओव्हरटाइमचे गुणही बाजूला काढा, कारण तिथे आक्रमण थेट समोरच्या गोलरेषेपासून २५ यार्डांवरून सुरू होतं. मग ड्राइव्ह कुठून सुरू झाली ते पाहा. त्याच सामन्यात अलाबामाचा एकुलता एक टचडाउन जॉर्जियाचा फम्बल त्यांच्या गोलरेषेपासून १६ यार्डांवर हाती लागल्यावर झाला; बाकी सगळे फील्ड गोल (किक मारून मिळवलेले ३ गुण), तेही चार. उरलेल्या गुणांना ड्राइव्हच्या संख्येने भागा. दर ड्राइव्हला २ गुण म्हणजे मध्यम, दीडच्या खाली असेल तर फळी दमदार.

एकूण यार्डांकडे फारसं बघू नका. संघ झपाट्याने खेळला की ते फुगतात. दर प्लेचे यार्ड काढा: ५ च्या आत चांगलं, ६ च्या वर चिंतेचं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सॅकपायी, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) मागे पाडण्यापायी. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड धावण्याच्या हिशेबातून कापतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासच्या. समजा, प्रतिस्पर्धी ३५ वेळा धावून ९० यार्ड गेला, म्हणजे सरासरी २.६. वाटतं, भिंतच उभी आहे! पण त्यात ५ सॅक आणि त्यांचे उणे ४० यार्ड असतील, तर खरे आकडे ३० वेळा धावणं, १३० यार्ड, सरासरी ४.३. भिंतीला भगदाड आहे. उलट २८ पासवर २१० यार्ड, म्हणजे ७.५, हे वाईट दिसतं; सॅक तिकडे वळवले की ३३ प्रयत्नांत १७० यार्ड, म्हणजे ५.२. निष्कर्षच उलटा होतो.

आक्रमणाला १० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली प्रत्येक म्हणजे एक डाउन. तिसऱ्या डाउनला आक्रमणाला ४० टक्के यश म्हणजे सर्वसाधारण. पण ९ यार्ड हवे असताना अडवण्यात फारसं कौतुक नाही. ते काम पहिल्या डाउनलाच झालेलं असतं. म्हणून कागद घेऊन प्रत्येक प्लेवर खूण करा. आक्रमणाने पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळवले तर प्ले यशस्वी. असे प्ले ४० टक्क्यांखाली राहिले तर फळीने काम चोख केलं. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनहून जास्त फरक असेल तर तिथून पुढचं मोजू नका, राखीव खेळाडू उतरलेले असतात.

२० यार्डांहून मोठे प्ले वेगळे लिहा.

टर्नओव्हरवर, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावण्यावर, भाळू नका. सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हे बरंचसं नशीब असतं. त्यापेक्षा यार्ड गमवायला लावलेले टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), पाडलेले फम्बल, इंटरसेप्शन आणि थोपवलेले पास यांची बेरीज करून एकूण प्लेंनी भागा. २० टक्के उत्तम. सॅक त्या टॅकलमध्ये आधीच धरलेले असतात. पुन्हा मिळवू नका.

शेवटी प्रतिस्पर्धी. २०२१ च्या १२ साखळी सामन्यांत जॉर्जियाने फक्त ८३ गुण दिले, आणि लगेच एसईसीच्या (दोघांच्या विभागीय लीगच्या) अंतिम सामन्यात अलाबामाने ४१ केले. त्यातले ७ इंटरसेप्शनवरचे, तरी ३४ उरतातच. समोर अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग होता आणि त्याने ४२१ यार्डांचे पास दिले. प्रत्येक आकड्याशेजारी प्रतिस्पर्ध्याची मोसमातली सरासरी लिहून ठेवा. एरवी दर प्लेला ६.५ यार्ड काढणारा संघ ५.५ वर अडकला, तर तो आकडा तक्त्यात साधा दिसला तरी फळीच्या बाजूनेच धरा.