बिल्डिंग कोड आणि फायर कोडचे प्रमाणपत्र निवडताना या चुका टाळा

इमारत बांधणी आणि अग्निसुरक्षा यांच्या नियमांतले व्यावसायिक प्रमाणपत्र मिळवायचे ठरवल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो असा, की सर्वांत जास्त वजन कोणत्या प्रमाणपत्राला आहे. माझ्या मते निवडीतल्या बहुतांश चुका या प्रश्नातूनच जन्माला येतात. इमारतीच्या आयुष्यातल्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आपण काम करणार आहोत आणि त्या ठिकाणी कोणता कोड, कोणत्या आवृत्तीचा, लागू आहे, हे आधी ठरवले तर प्रमाणपत्राचे नाव बहुतेक वेळा आपोआप पुढे येते.

कामाचा टप्पा न ठरवता परीक्षेचा अर्ज भरणे

बिल्डिंग कोड आणि फायर कोड ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असा समज फार पसरलेला आहे. जिन्याच्या तोंडाशी असलेले आगरोधक दार डोळ्यांसमोर आणले, तर फरक चटकन कळतो. ते दार किती रुंद असावे, आगीसमोर किती वेळ टिकावे आणि कोणत्या दिशेला उघडावे, हे प्रामुख्याने बिल्डिंग कोड सांगतो, आणि आराखडा तपासणारा माणूस ते कागदावर पाहतो. इमारत वापरात आल्यानंतर काही वर्षांनी त्याच दाराखाली कोणी लाकडी पाचर ठोकून ते कायमचे उघडे ठेवले आहे का, त्याची आपोआप बंद होण्याची यंत्रणा चालते का, जिन्यात खोकी रचून ठेवली आहेत का, हा फायर कोडचा प्रांत असून ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन अग्निसुरक्षा तपासनीस पाहतो. दार एकच असले तरी त्यासाठी लागणारी नजर वेगळी असते, आणि म्हणून परीक्षाही वेगळी असते.

इंटरनॅशनल कोड कौन्सिल, म्हणजे आयसीसी, ही 1994 साली स्थापन झालेली अमेरिकी संस्था इमारत निरीक्षक, आराखडा परीक्षक, अग्निसुरक्षा तपासनीस अशा भूमिकांसाठी स्वतंत्र परीक्षा घेते, ती याच कारणाने. फायर अलार्मची मांडणी किंवा स्प्रिंकलर व्यवस्थेची तपासणी करणाऱ्यांसाठी 1961 पासून काम करणाऱ्या नायसेट या संस्थेची चार पातळ्यांपर्यंत जाणारी प्रमाणपत्रे अधिक जवळची आहेत. एखाद्या मोठ्या प्रकल्पात जोखीम, विमा, यंत्रणा आणि वापर या सगळ्यांकडे एकत्र पाहावे लागणाऱ्यांना 1896 साली स्थापन झालेल्या एनएफपीए, म्हणजे नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, या अमेरिकी संस्थेचे सीएफपीएस, म्हणजे अग्निसंरक्षण तज्ज्ञाचे, प्रमाणपत्र उपयोगी पडते, तर अग्निशमन अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांनी 1918 साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्सच्या परीक्षा आणि सदस्यत्वाचे टप्पे पाहावेत.

माझ्या परिचयातल्या एका अभियंत्याने दोन परीक्षांपैकी जी अधिक भारदस्त वाटली ती निवडली. अभ्यास मनापासून केला, उत्तीर्णही झाले, परंतु त्यांचे रोजचे काम अलार्म यंत्रणेच्या देखभालीचे होते आणि प्रमाणपत्र आराखडे तपासण्याचे. ते ज्ञान वाया गेले नाही, हे खरे. तरीही ज्या कामाच्या निविदेसाठी त्यांनी ही धडपड केली होती, तिथे दुसऱ्याच प्रमाणपत्राची अट होती. अर्ज भरण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या कामाच्या चार-पाच जाहिराती किंवा निविदा शांतपणे वाचून त्यात पात्रतेच्या रकान्यात काय लिहिले आहे ते उतरवून काढले, तर ही चूक एका संध्याकाळीत टळते.

आवृत्तीकडे दुर्लक्ष करणे

मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक ही आहे. आयसीसीच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडची पहिली आवृत्ती 2000 साली आली आणि तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. मात्र हा नमुना कोड आहे. स्थानिक शासन तो स्वीकारील तेव्हाच त्याला कायद्याचे बळ मिळते, आणि स्वीकारतानाही त्यात स्थानिक दुरुस्त्या होतात. त्यामुळे एका ठिकाणी ताजी आवृत्ती लागू असते, तर शेजारच्या प्रांतात दोन आवृत्त्या जुनी.

याने प्रत्यक्षात किती फरक पडतो? कार्यालयाचा 6,000 चौरस फुटांचा एक मजला घ्या. 2015 च्या आवृत्तीत कार्यालयासाठी माणशी 100 चौरस फूट धरले जात, म्हणजे तिथे 60 माणसे गृहीत धरावी लागत. 2018 च्या आवृत्तीत हा आकडा 150 झाला आणि त्याच मजल्यावर 40 माणसे धरली जाऊ लागली. अशा जागेतून बाहेर पडण्यासाठी एकच दार चालण्याची मर्यादा 49 माणसांची आहे. म्हणजे जुन्या आवृत्तीनुसार दोन दारे लागत होती, तर नव्या आवृत्तीनुसार, त्या दारापर्यंतच्या अंतराची अट पाळली जात असेल तर, एक पुरते. एका आवृत्तीतले बरोबर उत्तर दुसऱ्या आवृत्तीत चुकीचे ठरते, आणि हे परीक्षेत जितके खरे आहे तितकेच बांधकामावरही खरे आहे.

म्हणून परीक्षेच्या माहितीपत्रकात छापलेली संदर्भग्रंथाची आवृत्ती आधी पाहावी, मगच पुस्तक विकत घ्यावे. आपल्या भागात लागू असलेली आवृत्ती त्याहून वेगळी असेल, तर दोन्हींतला फरक वेगळ्या वहीत टिपून ठेवावा. जिथे आयसीसी किंवा एनएफपीएचे कोड लागूच नाहीत, तिथे त्या देशाचा स्वतःचा कोड आधी वाचावा. भारतात अग्निसुरक्षेसाठी राष्ट्रीय इमारत संहिता 2016 चा भाग 4 आहे. परदेशी प्रमाणपत्र तिथे पूरक ठरू शकते, पर्याय ठरत नाही.

प्रशिक्षणाचा दाखला, प्रमाणन आणि परवाना यांची गल्लत

तीन दिवसांच्या वर्गाला हजर राहिल्याबद्दल मिळणारा कागद हा हजेरीचा दाखला असतो. प्रमाणनात स्वतंत्र परीक्षा, ठरावीक मुदत आणि नूतनीकरणाची अट असते. व्यक्तींच्या प्रमाणनासाठी आयएसओ/आयईसी 17024 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि शिकवणारी व प्रमाणित करणारी संस्था एकच असणे हा निःपक्षपातीपणाला धोका आहे, असे ते स्पष्टपणे मानते. एखादी संस्था शंभर टक्के यशाची हमी देत असेल, तर तिथे पैसे भरण्याआधी थांबावे. परवाना ही तिसरीच गोष्ट आहे. आराखड्यावर सही करण्याचा अधिकार कायद्याने मिळतो, आणि प्रमाणपत्र कितीही मोठे असले तरी ते एकट्याने तो अधिकार देत नाही.

पुस्तक उघडून परीक्षा द्यायची, म्हणून अभ्यास सैल सोडणे

यांतल्या अनेक परीक्षांत कोडचे पुस्तक सोबत वापरता येते आणि त्यामुळेच कित्येक जण नापास होतात. एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात अनोळखी पुस्तकातून कलम शोधणे जवळपास अशक्य असते. कलमे पाठ करण्यापेक्षा कोणत्या प्रकरणात काय आहे, याची जाण हवी. शिवाय मूळ नियमाखाली दिलेले अपवाद न वाचता उत्तर देण्याची सवय घातक ठरते. बाहेर जाण्याच्या दिशेने दार उघडण्याची अट सर्वसाधारणपणे 50 किंवा अधिक माणसांच्या जागेला लागू होते. प्रश्नात 45 माणसे दिली असतील, तर घाईने वाचणारा तिथेच फसतो. आणि ती जागा अतिधोकादायक वर्गातली असेल, तर माणसे कितीही कमी असली तरी अट लागू होते, म्हणजे सावधपणे वाचणाराही संख्येवर थांबला तर चुकतो.

निवड चुकलीच असेल तर

चुकीचे प्रमाणपत्र हाती असेल तर नवी सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही परीक्षांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहावेत. निर्गमन मार्ग, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटा, भोगवटा वर्ग, म्हणजे वापरानुसार इमारतींचे वर्ग, आणि माणसांच्या संख्येची गणिते अनेक परीक्षांत सामाईक असतात, आणि मग उरलेला अभ्यास वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. परीक्षेत अपयश आले असेल आणि विभागवार निकाल मिळाला असेल, तर सगळे पुस्तक पुन्हा वाचण्याऐवजी कमजोर विभागातली कलमे घड्याळ लावून शोधण्याचा सराव करावा.

अनुभवाच्या अटीवर अर्ज अडकला असेल, तर बहुधा वर्णन मोघम असते. "अग्निसुरक्षेची कामे केली" असे लिहिण्याऐवजी कोणत्या यंत्रणेवर, कोणती चाचणी, कोणत्या मानकानुसार आणि कोणाच्या देखरेखीखाली केली, हे लिहावे. नायसेटसारख्या संस्थेत हा अनुभव वरिष्ठांनी पडताळून द्यावा लागतो, त्यामुळे नोकरी सोडण्यापूर्वीच त्यांच्याकडून तो लेखी घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. आयसीसी आणि सीएफपीएस दोन्हींचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते. प्रत्येक कार्यशाळेचा दाखला त्याच दिवशी तारखेसह एका फाइलमध्ये लावला, तर मुदतीच्या आदल्या महिन्यात शोधाशोध करावी लागत नाही.