चूक खेळालाच सांगू द्या : लहान मुलांसाठी घरी बनवता येणारे खेळ

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी घरी खेळ तयार करायला बसले की आपण आधी काय शिकवायचे ते ठरवतो, मग रंगीत कागद आणि कात्री शोधतो. माझ्या मते त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : खेळताना मुलाचे चुकले, तर ते त्याला कोण सांगणार? आईने किंवा आजोबांनी सांगायचे असेल, तर मूल वस्तूकडे पाहण्याऐवजी मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते आणि खेळाची परीक्षा होते. चूक वस्तूनेच दाखवली, तर तेच मूल तोच खेळ पाच वेळा मांडते. पुढचे सगळे खेळ याच कसोटीवर निवडले आहेत आणि त्यांना लागणारे सामान बडोद्यातल्या कोणत्याही मराठी घरात सापडते.

सर्वांत सोपा खेळ स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा. लहानमोठ्या मापांचे तीन डबे रिकामे करावेत, झाकणे काढून एकत्र ठेवावीत आणि ज्याचे त्याला लावायला सांगावे. चुकीचे झाकण एकतर बसत नाही किंवा आत घसरून खडखडते, त्यामुळे आपण काहीही बोलण्याची गरज उरत नाही. तीन डबे सहज जमू लागल्यावर मापांत थोडाच फरक असलेले पाच-सहा डबे द्यावेत. नंतर डोळ्यांवर ओढणी बांधून हाताने चाचपून झाकणे लावायला सांगता येते आणि हा प्रकार मुलांना फार आवडतो. काचेच्या बरण्या यात घेऊ नयेत.

संख्यांसाठी आइसक्रीमच्या चपट्या काड्या जमवाव्यात, मात्र त्या मोजून ४५ असाव्यात. चहाच्या दहा कागदी कपांवर ० ते ९ हे आकडे मोठे लिहून कप ओळीने मांडावेत. मुलाने प्रत्येक कपात त्यावरच्या आकड्याइतक्या काड्या मोजून टाकायच्या. शून्यापासून नवापर्यंतच्या आकड्यांची बेरीज ४५ होते, म्हणून सगळे नीट मोजले तर शेवटची काडी नवाच्या कपात पडते आणि हात रिकामा होतो. वाटेत कुठे एक काडी जास्त पडली असेल तर नवाला एक कमी पडते, कमी पडली असेल तर एक उरते, आणि मूल स्वतःच मागे जाऊन कप तपासू लागते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतल्या चात्यांच्या, म्हणजे मोजण्याच्या लाकडी दांड्यांच्या, पेटीत नेमक्या ४५ चात्या असतात त्या याचसाठी. एका कपात एक जास्त आणि दुसऱ्यात एक कमी पडली तर हिशेब जुळतो आणि चूक लपते हे खरे, पण अशा वेळी मोठ्यांनी ती दाखवायची घाई करू नये. दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा मांडला की ती बहुधा उघडी पडते. शून्याचा कप रिकामाच राहतो, हे मुलांना सुरुवातीला पटत नाही. आमच्याकडे त्या कपात हळूच एक काडी सरकवली जाई, कारण ‘त्याला एकट्यालाच काही नाही’.

याच ४५ काड्यांतून पुढचा खेळ निघतो. दहा-दहा काड्यांना रबर लावून तीन जुड्या बांधाव्यात, उरलेल्या पंधरा सुट्या ठेवाव्यात. डावीकडच्या ताटलीत जुड्या, उजवीकडच्या ताटलीत सुट्या काड्या, आणि ताटल्यांपुढे अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या, असा डाव मांडावा. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. गुजरातीतही क्रम तोच आहे, त्यामुळे घरीदारी हेच ऐकणारे मूल २७ च्या जागी ७२ मांडते. हा निष्काळजीपणा नव्हे, ते ऐकल्याबरहुकूम मांडत असते. जुड्या तीनच असल्यामुळे ७२ रचताच येत नाही आणि चिठ्ठ्या उलट्या लागल्याचे त्याच्या लक्षात येते. मात्र सुरुवातीला १८, २७, २९, ३६ अशाच संख्या द्याव्यात. २३ उलटे मांडले तर ३२ होते आणि ते तीन जुड्यांत आरामात बसते, त्यामुळे अशा संख्या मागाहून घ्याव्यात.

चिंचोके, राजमा, कवड्या, मणी यांच्याबद्दल इथेच सांगितले पाहिजे. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर या वस्तू खेळात आणूच नयेत, कारण त्या तोंडात जाऊन घशात अडकतात. मोठी मुलेसुद्धा त्या नाकात आणि कानात घालतात. तीन वर्षांवरच्या मुलाला त्या दिल्या तरी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्या मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत.

अक्षरांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम, कारण त्यांचा कागद जाड असतो आणि घरात त्या साचलेल्याही असतात. साधारण १५ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद तुकडे कापावेत, कोऱ्या बाजूवर फेविकॉलने ठसठशीत अक्षर काढावे, त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी आणि पूर्ण वाळल्यावर जास्तीची वाळू झटकून टाकावी. मी आधी गव्हाच्या पिठाची खळ आणि रवा वापरून पाहिला होता; चार दिवसांत मुंग्यांनी ‘ग’ अर्धा संपवला. मुलाने तर्जनी आणि मधले बोट जोडून अक्षर लिहिण्याच्या दिशेने गिरवावे आणि गिरवताना त्याचा आवाज काढावा, शिरोरेघ सर्वांत शेवटी. बोट वाळूवरून घसरून गुळगुळीत कागदावर गेले की दिशा चुकल्याचे बोटालाच कळते. एका वेळी तीनच अक्षरे घ्यावीत, तीही दिसायला एकमेकांपासून लांबची. ‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी आणू नयेत. चित्रांच्या पत्त्यांत गावातल्या वस्तू असाव्यात. विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे इथल्या मुलाला ठाऊक असते, तेव्हा ‘म’ मगरीचा म्हणायला काहीच हरकत नाही.

रावपुऱ्यातून किंवा दांडिया बाजारातून फिरताना मुलाला दुकानांवर गुजराती पाट्या दिसतात, आणि गुजराती लिपीत शिरोरेघ नसते. घरी मराठी शिकणाऱ्या मुलाचा इथे गोंधळ होईल अशी अनेकांना भीती वाटते. मला मात्र तो फायदा वाटतो, कारण ग, घ, न, म या अक्षरांची वळणे दोन्ही लिप्यांत बरीच सारखी आहेत. ही अक्षरे शिरोरेघेशिवाय पत्त्यांवर लिहावीत आणि आइसक्रीमची एक काडी मुलाच्या हातात द्यावी. काडी अक्षराच्या डोक्यावर ठेवली की मराठी, उचलली की गुजराती. क, ख, ज, अ यांची वळणे वेगळी असल्याने ती या खेळात मिसळू नयेत, नाहीतर काडी ठेवूनही अक्षर जुळत नाही आणि सगळा डाव विस्कटतो. गुजरातमधल्या भावनगरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम एकत्र केले आणि पुढे ताराबाईंनी महाराष्ट्रात परिसरातल्या साध्या वस्तूंमधून शिकण्याची साधने घडवली. या दोन भाषांची मुले एकाच अंगणात शिकू शकतात हे नवे नाही.

आता जरा अवघड खेळाकडे वळू. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार दोन प्रकारचे असतात. चिमणी, चेंडू, चार, जेवण, जिना यांत ते तालव्य असतात, म्हणजे जीभ टाळूला लागते. चाक, चोर, चूल, जाळे, जोडा यांत जीभ दातांच्या मुळाशी लागते. हा दुसरा उच्चार गुजरातीत नाही, म्हणून बडोद्यातल्या मराठी मुलांच्या तोंडून तो हळूहळू निसटतो आणि ‘चाक’ हे ‘चार’सारखे ऐकू येऊ लागते. यासाठी आठ-दहा चित्रांचे पत्ते करावेत आणि मुलाने चित्राचे नाव मोठ्याने घेऊन पत्ता ‘चिमणीच्या घरात’ किंवा ‘चोराच्या घरात’ ठेवावा. इथे वस्तू स्वतः चूक सांगू शकत नाही. तेव्हा पत्त्यांच्या मागे पिवळा किंवा निळा ठिपका द्यावा आणि सगळे पत्ते ठेवून झाल्यावर मुलानेच ते उलटून पाहावेत. अट एकच : घरातल्या मोठ्यांचा उच्चार शाबूत हवा. आजी असेल तर नावे तिच्याकडूनच घ्यावीत. खेळ अंगवळणी पडला की ‘मोजा’ आणि ‘मोजे’, ‘माझा’ आणि ‘माझी’ अशा जोड्या आणाव्यात. एकाच शब्दाच्या रूपांत उच्चार बदलतो हे कळले की मुले जेवताना, कपडे घालताना अशा जोड्या स्वतः शोधू लागतात.

सयाजीबागेत गेल्यावर गळलेली पाने वेचून आणावीत, वड, पिंपळ आणि आंब्याची तर जरूर. घरी पुठ्ठ्यावर त्यांच्या कडा पेन्सिलीने काढाव्यात आणि मुलाला पाने आपापल्या कडांवर ठेवायला सांगावीत. पाने दोन दिवसांत वाकडी होतात, म्हणून ती आधी वर्तमानपत्रात दाबून घ्यावीत.

मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर एका वेळी चारच खेळ ठेवावेत, प्रत्येक वेगळ्या खोक्यात, आणि बाकीचे माळ्यावर. दहा-पंधरा मिनिटांत मूल उठून गेले तर परत बोलावू नये, पण उठण्यापूर्वी सामान खोक्यात भरणे हा खेळाचाच भाग ठरवावा. ४५ काड्या मोजून भरायच्या असल्या तर तोही एक डाव होतो. सलग आठवडाभर ज्या खोक्याला हात लागला नाही ते उचलून माळ्यावरचे दुसरे खाली आणावे. महिन्याभराने जुने खोके परत आले की मुले त्यावर नव्यासारखी तुटून पडतात.