ट्रान्झिशनल एपिथेलियम: भरलेल्या ब्लॅडरच्या स्लाइडने मला फसवलं तेव्हा

फर्स्ट इयरच्या स्पॉटिंगला (मायक्रोस्कोपखालची स्लाइड बघून अवयव ओळखायची परीक्षा) तिसऱ्या मायक्रोस्कोपवर ब्लॅडर (मूत्राशय) लावलं होतं. मी बिनधास्त लिहिलं, 'ईसोफेगस, स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस, नॉन-केराटिनाइज्ड', म्हणजे अन्ननलिका, वर चपट्या पेशी असलेलं अनेक थरांचं अस्तर, त्यावर केराटिनचा कडक थर नाही. चुकलं, हे बाहेर आल्यावर कळलं. ती स्लाइड अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी पाठ केलं होतं की ट्रान्झिशनल (ब्लॅडरचं ताणलं जाणारं अस्तर) म्हणजे वरच्या थरात घुमटासारख्या पेशी. हे रिकाम्या ब्लॅडरला लागू पडतं. तेव्हा पाच-सहा थर दिसतात. पण ब्लॅडर भरलं की तेच अस्तर ताणलं जातं, जेमतेम दोन-तीन थर उरल्यासारखे दिसतात आणि घुमट चपटे होतात. माझ्यासमोर हीच ताणलेली स्लाइड होती. वरच्या पेशी चपट्या दिसल्या आणि मी स्क्वेमस लिहून मोकळी झाले.

म्हणून आधी थर मोजा. स्क्वेमसमध्ये थर पुष्कळ असतात आणि तळापासून वर जाताना पेशी हळूहळू चपट्या होत जातात. ट्रान्झिशनलमध्ये वरची अंब्रेला सेल (तीच घुमटासारखी पेशी) खालच्या दोन-तीन पेशींवर पसरलेली असते, एखादीत दोन न्यूक्लिअस सापडतात. कट तिरका असेल तर थर उगाच जास्त दिसतात, त्यामुळे सरळ कापलेली जागा शोधूनच मोजा. 'केराटिन नाही' एवढ्यावर विसंबू नका, ते ईसोफेगसमध्येही नसतं. आणि कृपा करून थेट ४०एक्सवर (जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) जाऊ नका! १०एक्सवर खालचा भाग बघा: ब्लॅडरमध्ये स्नायूंचे गठ्ठे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, ईसोफेगसमध्ये आत गोल आणि बाहेर उभे असे थर वेगळे कळतात.

युरेटरला (मूत्रवाहिनीला) घाबरू नका, तिथेही अस्तर ट्रान्झिशनलच असतं. त्या अस्तरासोबत चांदणीसारखं लुमेन (आतली पोकळी) दिसलं की काम झालं.

सीनियरच्या फोटोंची पीडीएफ मात्र बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक अवयवाची एकच, सुंदर स्लाइड असते. 'कोपरा फुटलेली काच म्हणजे ब्लॅडर' ही ओळख तर घातकच, परीक्षेला काच बदलते.

मला हे खरं समजावलं ते लॅबमधल्या काकांनी. त्यांनी रिकामं आणि भरलेलं ब्लॅडर शेजारी-शेजारी लावलं आणि म्हणाले, "दोन्ही एकच आहे, बाळा. नीट बघ." वीस मिनिटं बघत बसले, मग दिसलं. तुम्हालाही दिसेल, वेळ लागला तर लागू दे. जर्नलमध्ये एकच चित्र मागतात. तुम्ही एकाच पानावर दोन्ही काढा.