फौजेतून आल्यावरची घबराट आणि डिसॅबिलिटी पेन्शन: काय काय करायचं

आपल्याकडं गावात फौजीला सगळे मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून रिटायर झालेला का असेना, आणि मेजरला घबराट होते हे कुणाच्या गळी उतरतच नाही. लग्नसराईत सुतळी बॉम्ब वाजला की अंगाला दरदरून घाम, एसटीत गर्दी झाली की मधल्याच फाट्यावर उतरून जाणं, रात्री चार वेळा उठून दाराची कडी बघणं, आणि घरचे म्हणतात लई चिडका झालाय. हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि नोकरीमुळं झाला किंवा वाढला असेल तर पेन्शनही आहे.

आधी डॉक्टर, पेन्शन नंतर. ईसीएचएस कार्डावर (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) दाखवा, नाहीतर घाटीत (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्यांना. केसपेपर सगळे फाईलला लावा. फारच अस्वस्थ वाटलं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस आहे, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट.

आता खरा मुद्दा, रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे फौज सोडताना झालेल्या डॉक्टरी तपासणीचे कागद. ते काढा, नसतील तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला (फौजीची कागदपत्रं ठेवणारं ऑफिस) अर्ज करा, दाद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. त्यात दोनच गोष्टी बघायच्या, अपंगत्वाचे टक्के किती (किमान २० लागतात) आणि आजार नोकरीमुळं झाला किंवा वाढला असं लिहिलंय की नाही. घबराटीच्या केसमध्ये बऱ्याचदा इथंच घोडं अडतं, 'पीस स्टेशनला (शांत ठिकाणच्या पोस्टिंगला) सुरू झाला, नोकरीशी संबंध नाही' असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. मग तुम्ही सालवार लिहून काढा, कुठं पोस्टिंग होती, काय घडलं, झोप कधीपासून गेली, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) कधी दाखवलं, मेडिकल कॅटेगरी कधी लो झाली. बायकोलाही तिच्या भाषेत लिहू द्या, सुट्टीवर आल्यावर माणूस कसा बदलला ते तिनंच बघितलेलं असतंय.

पेन्शनच्या नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तिथं नाही झालं तर दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजींच्या केसचं कोर्ट), आपल्याला मुंबईचं बेंच. धरमवीर सिंग केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायचं ते सरकारनं. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना नवीन नियम आहेत, त्यांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं. अर्ज लिहायलाही तिथं मदत मिळते, 'मी करून देतो, एवढे टक्के माझे' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

पैशाचा हिशोब असा, १०० टक्क्याला शेवटच्या पगाराचे ३० टक्के. पगार ३०,००० असला तर ९,०००. बोर्डानं ४० टक्के दिले तर राउंड ऑफ होऊन ५० धरतात, म्हणजे ४,५०० अधिक महागाई. वेळेवर रिटायर झालेल्यांनाही राउंड ऑफ मिळतो हे राम अवतार केसमध्ये २०१४ ला ठरलंय, तरी काहींना त्यासाठी ट्रिब्युनलला जावंच लागतंय. उशिरा गेलात तर मागचं सगळं मिळेलच असं नाही, कोर्टानं बऱ्याच केसमध्ये थकबाकी तीनच वर्षांची दिलीय, म्हणून कागद आताच काढायला घ्या.